मोडलेल्या बोटाला किती मजबुती पुरते?

करंगळीच्या मागचे तळहाताचे हाड मधोमध आडवे मोडले, तर सर्जनसमोर निदान सहा वाटा असतात. नुसते कच्चे प्लास्टर, आरपार घातलेल्या दोन तिरप्या के-वायर, हाडाच्या पोकळीतून सरकवलेल्या लवचिक तारा, हाडाच्या पाठीवर बसवलेली प्लेट, पोकळीत फिरवलेला हेडलेस स्क्रू, नाहीतर त्वचेबाहेरची चौकट. एकाच शहरातल्या तीन डॉक्टरांना तोच एक्स-रे दाखवला तर तीन उत्तरे येऊ शकतात आणि तिन्ही योग्य असू शकतात. रुग्णाच्या घरच्यांचा प्रश्न मात्र बहुतेक वेळा एकच असतो : "डॉक्टर, यातलं सगळ्यात मजबूत काय?"

या प्रश्नावर प्रयोगशाळांत चार दशकांहून अधिक काळ काम झाले आहे आणि तिथले उत्तर बरेच स्पष्ट आहे. तरीही ते जसेच्या तसे ऑपरेशन थिएटरात आणणारा सर्जन रुग्णाचे नुकसान करू शकतो. मजबूत जोड आणि चांगले चालणारे बोट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांच्यातले अंतर कुठे पडते, ते पाहण्यासारखे आहे.

हातात २७ हाडे. त्यांपैकी मनगटाची ८ बाजूला ठेवली, तर तळहाताची ५ मेटाकार्पल आणि बोटांच्या पेरांची १४ अशी १९ उरतात. क्रिकेटचा चेंडू, दुचाकीवरून पडणे, दारात सापडलेले बोट, रागाच्या भरात भिंतीवर मारलेली मूठ आणि कारखान्यातली यंत्रे, या सगळ्यांचा घाव बहुधा याच १९ हाडांवर बसतो.

त्यांना जोडायला आजही सर्वांत जास्त वापरली जाते ती के-वायर. तिच्या नावातला 'के' म्हणजे जर्मन सर्जन मार्टिन किर्शनर. त्यांनी १९०९ मध्ये ही गुळगुळीत, टोकदार पोलादी तार आणली ती मोडलेल्या पायाला वजन लावून ताण देण्यासाठी. बोटांच्या हाडांत ती पुढे आली आणि तिथेच रुळली. हातासाठी साधारण ०.८ ते १.६ मिलिमीटर जाडीच्या तारा वापरतात. हा फरक डोळ्याला किरकोळ दिसतो, पण गोल तारेचा वाकण्याला होणारा विरोध तिच्या व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. म्हणजे १ मिलिमीटरऐवजी १.२ मिलिमीटरची तार घातली की ताठपणा दुप्पट होतो आणि १.६ ची घातली की साडेसहा पट. ऑपरेशनच्या टेबलावर ट्रेमधून कुठली तार उचलली, एवढ्यावर जोडाचे निम्मे गणित ठरते.

तारांची रचनाही तितकीच महत्त्वाची. एकच तार हाडाला वाकण्यापासून थोडेफार राखते, पण तिच्याभोवती तुकडा फिरू शकतो. दोन तारा फुलीसारख्या घातल्या तर फिरणे आटोक्यात येते. मात्र त्यांची फुली नेमकी मोडलेल्या रेषेवर पडली, तर दोन्ही तारा एकाच बिंदूत आल्याने तो बिंदू बिजागरीसारखा वागू लागतो. शिवाय तार हाडाचे तुकडे दाबून धरत नाही. ते जवळ आणायच्या आधीच तारा आरपार गेल्या, तर तुकड्यांमधली फट तशीच कायम होते. अनुभवी सर्जन सहायकाला तुकडे घट्ट दाबून धरायला सांगतात आणि मग ड्रिल चालू करतात, ते याचसाठी.

तुकडे दाबून धरण्याची उणीव भरून काढण्याचा एक देखणा मार्ग ग्रॅहम लिस्टर यांनी १९७८ मध्ये मांडला. मोडलेल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना बारीक भोके पाडायची, त्यांतून मऊ तारेचा वळसा घालून पिळायचा आणि जोडीला एक तिरपी के-वायर. पुढे दोन वळसे एकमेकांशी काटकोनात घालण्याची पद्धतही आली. आडव्या मोडीत आणि तुटलेले बोट परत जोडताना या पद्धती आजही वापरल्या जातात. सामान साधे आणि कमी खर्चाचे लागते, आणि जोड दाबून धरलेला राहतो.

प्लेटची परंपरा निराळी. १९५८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये मॉरिस म्युलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'एओ' हा गट स्थापन केला. मोडलेले हाड शरीररचनेनुसार नेमके जुळवा, ते न हलेल असे धरा आणि सांधे लगेच हलवा, हा त्यांचा आग्रह होता. मांडी आणि पोटरीच्या हाडांत त्याने उपचार पालटले. मग प्लेटा लहान होत होत बोटापर्यंत आल्या. १.५ आणि २ मिलिमीटरचे स्क्रू आणि जेमतेम एक मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या मिळू लागल्यावर साहजिकच विचारणा सुरू झाली : तार चांगली की प्लेट?

उत्तर शोधण्याची रीत अशी. मृतदेहातले मेटाकार्पल स्वच्छ करून मधोमध करवतीने कापायचे. ते ठरलेल्या पद्धतीने जोडायचे आणि दोन्ही टोके रेझिनच्या ठोकळ्यांत रोवायची. मग यंत्रात हाड दोन आधारांवर ठेवून मधून दाब वाढवत न्यायचा, किंवा एक टोक धरून दुसरे पिळायचे. कागदावर आलेख उमटतो. त्याचा चढ म्हणजे जोडाचा ताठपणा आणि ज्या बिंदूला रेषा कोसळते ती जोडाची मजबुती. ही दोन मापे वेगळी आहेत आणि चर्चेत त्यांची सतत सरमिसळ होते. एखादा जोड सुरुवातीला जरा लवचिक असूनही उशिरा तुटतो, तर एखादा अजिबात न वाकता अचानक सुटतो.

१९७९ ते १९८५ या काळात अशा प्रयोगांची रांग लागली. फाइफ आणि मेसन यांनी बोटांच्या पेरांवर केलेले काम १९७९ मध्ये 'द हँड' या नियतकालिकात आले. पाठोपाठ मॅसेंगिल, व्हॅनिक, ब्लॅक आणि मान यांच्या गटांनी पेरे, मेटाकार्पल, तारा, वळसे आणि प्लेटा यांची वेगवेगळ्या तऱ्हेने तुलना केली. आकडे जुळत नव्हते, कारण प्रत्येकाची हाडे आणि यंत्रे वेगळी. चित्र मात्र एकाच दिशेचे होते. मेटाकार्पलच्या पाठीवरची प्लेट सर्वांत वर, त्यातही तिरप्या मोडीला आरपार दाबणाऱ्या लॅग स्क्रूची जोड असलेली. काटकोनातले दोन वळसे मधल्या फळीत. नुसत्या के-वायर तळाशी.

प्लेट मेटाकार्पलवर एवढी सरस का ठरते, याला कारण आहे. हे हाड मोडले की बोटे मिटवणाऱ्या आणि बोटांमधल्या छोट्या स्नायूंच्या ओढीने त्याचा उंचवटा हाताच्या पाठीकडे येतो. म्हणजे पाठीकडची बाजू ताणली जाते आणि तळव्याकडची दाबली जाते. प्लेट नेमकी ताणाच्या बाजूला बसते. बोट मिटताना येणारा ताण ती पेलते आणि समोरच्या बाजूला हाडाचे तुकडे एकमेकांवर दाबले जातात. बोटाच्या पहिल्या पेरात याच्या उलट होते : मोडीचा कोन तळव्याकडे झुकतो. वर तिथे हाडाच्या पाठीला बोट सरळ करणाऱ्या कंडरेचे पातळ आवरण जवळजवळ चिकटूनच असते. एक मिलिमीटरची पट्टीसुद्धा त्या आवरणाखाली अडचण ठरते.

प्रयोगशाळा आणि रुग्ण यांची फारकत नेमकी इथे होते. सिनसिनाटीच्या पेज आणि स्टर्न यांनी १९९८ मध्ये प्लेट बसवलेल्या ६६ मेटाकार्पल आणि ३९ पेरांच्या मोडींचा हिशोब मांडला. त्यात उघड्या जखमांचे रुग्णही होते, हे लक्षात ठेवायला हवे. एकूण मोडींपैकी ३६ टक्क्यांत एक ना एक मोठी गुंतागुंत झाली : बोट आखडणे, हाड न जुळणे किंवा वाकडे जुळणे, प्लेट खुपणे, संसर्ग. बोटाच्या तिन्ही सांध्यांची मिळून २२० अंशांहून जास्त हालचाल ही चांगली मानली जाते. मेटाकार्पलमध्ये ती ७६ टक्क्यांत मिळाली, पेरांमध्ये अवघ्या ११ टक्क्यांत. यंत्रात सर्वांत मजबूत ठरलेली पद्धत तिथे दहापैकी नऊ बोटांना मनासारखी हालचाल देऊ शकली नव्हती.

मजबुतीचे मोल कमी करण्याचा इथे हेतू नाही. ती किती लागते, हे आधी पाहावे एवढेच. १९९२ मध्ये मेयो क्लिनिकमध्ये शिन्द आणि सहकाऱ्यांनी मनगटातल्या दबलेल्या नसेच्या शस्त्रक्रियेदरम्यान, रुग्ण जागा असताना, बोटे मिटवणाऱ्या कंडरांवर बल मोजणारी उपकरणे लावली. दुसऱ्याने बोट हलवले तर कंडरेवर ९ न्यूटनपर्यंत बल आले. रुग्णाने स्वतः, कशालाही न दाबता, बोट मिटले तेव्हा सुमारे ३५ न्यूटनपर्यंत, म्हणजे साडेतीन किलो वजनाइतके. आणि जोर लावून चिमूट धरली तेव्हा सुमारे १२० न्यूटनपर्यंत.

या तीन आकड्यांत शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या महिन्याचे सगळे धोरण सामावले आहे. जोडाने पहिल्या दोन पायऱ्या दमदारपणे पेलायच्या आहेत. तिसरी पायरी, म्हणजे बादली उचलणे, स्कूटरचा ब्रेक दाबणे, पान्हा आवळणे, ही हाड जुळेपर्यंत टाळायची आहे. नीट बसवलेल्या दोन चांगल्या जाडीच्या के-वायर हलक्या हालचालीचे काम बहुतेक वेळा निभावतात. त्यापलीकडची मजबुती वाया जात नाही, पण ती मिळवण्यासाठी कातडी किती चिरली आणि कंडरा हाडापासून किती सोडवल्या, याची किंमत बोट मोजते.

आणि ही मजबुती फार दिवस लागतही नाही. पेराचे हाड हाताला घट्ट लागेल इतके साधारण तीन ते चार आठवड्यांत सांधते. एक्स-रेवर रेषा पुढे कितीतरी महिने दिसत राहते आणि ती पाहून बोट बांधून ठेवणे ही सर्रास होणारी, महागात पडणारी चूक आहे. स्ट्रिकलंड यांच्या १९८२ च्या अहवालात चार आठवड्यांच्या आत हलवलेल्या बोटांना नेहमीच्या सुमारे ८० टक्के हालचाल मिळाली, त्याहून उशीर झालेल्यांना ६६ टक्के.

हाड जुळण्याच्या बाजूनेही पूर्ण ताठपणाची सक्ती नाही. स्वित्झर्लंडचे स्टीफन पेरेन यांनी दाखवून दिले की मोडीच्या फटीतली पेशींची जाळी किती ताणली जाते यावर तिथे काय तयार होईल ते ठरते. कोवळ्या उतींना मोठा ताण सोसतो, कूर्चेला सुमारे १० टक्के आणि पक्क्या हाडाला जेमतेम २ टक्के. तारांनी धरलेल्या हाडात थोडी हालचाल राहते, भोवती नव्या हाडाचा फुगा धरतो आणि तो फुगाच पुढे मोड आवळतो. प्लेटखाली ही पायरी बरीचशी टळते, पण मग तुकडे अगदी नेमके जुळलेले असावे लागतात. प्लेट घट्ट आणि खाली फट उघडी, ही सर्वांत वाईट अवस्था : हाड जुळत नाही आणि वारंवार वाकून शेवटी धातूच थकतो.

रुग्णांवरच्या चाचण्या काय सांगतात? इंग्लंडमध्ये हॉर्टन, हॅटन आणि डेव्हिस यांनी २००३ मध्ये पहिल्या पेराच्या लांब तिरप्या मोडी असलेल्या ३२ रुग्णांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागले. एका गटाला कातडी न उघडता के-वायर, दुसऱ्याला हाड उघडून लॅग स्क्रू. यंत्रावर लॅग स्क्रू सरस ठरतो, पण हाताच्या कामात दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. चाचणी लहान होती, तरी तिचा कल दुर्लक्ष करण्यासारखा नाही. करंगळीच्या मेटाकार्पलची मान मुक्क्याने मोडते, तिच्यावरच्या बिनशस्त्रक्रियेच्या उपचारांचा कॉक्रेन आढावा २००५ मध्ये आला. कुठलेही प्लास्टर वा पट्टी दुसरीपेक्षा वरचढ ठरल्याचा पुरावा त्यात मिळाला नाही. स्वीडनमधली २०२३ ची चाचणी याहून पुढे जाते. मेटाकार्पलची पिळदार मोड असलेल्या ४२ रुग्णांत, ज्यांचे ऑपरेशन न करता हात लगेच हलवायला लावला त्यांची पकड वर्षाअखेर ऑपरेशन झालेल्यांपेक्षा कमी नव्हती. हाड थोडे आखूड जुळले, मूठ मात्र चालली.

आखूड किती चालेल, याचा अंदाज मृतदेहांवरच्या अभ्यासांतून मिळतो. मेटाकार्पल २ मिलिमीटर आखूड झाले की बोट सरळ करण्यात सुमारे ७ अंशांची उणीव राहते आणि बऱ्याच हातांत ती सांध्याच्या जादा लवचिकतेत सामावते. पिळाला मात्र क्षमा नाही. मेटाकार्पल ५ अंश पिळून जुळले, तर मूठ मिटताना बोटाचे टोक शेजारच्या बोटावर दीड सेंटिमीटरपर्यंत चढते. अशा माणसाला हातोडी धरता येत नाही की भाकरी नीट थापता येत नाही. म्हणून पद्धतींची तुलना करताना वाकण्यापेक्षा पिळाची परीक्षा जास्त मोलाची धरली पाहिजे. बरेच अभ्यास मात्र वाकवण्याच्या चाचणीवर भर देतात, कारण ती यंत्रावर सोपी पडते.

गेल्या पंधरा वर्षांत चित्रात नवा खेळाडू आला आहे : पोकळीतला हेडलेस स्क्रू. त्याचा पूर्वज ऑस्ट्रेलियात टिमथी हर्बर्ट यांनी मनगटाच्या स्कॅफॉइड हाडासाठी बनवला आणि फिशर यांच्यासह १९८४ मध्ये मांडला. दोन टोकांच्या आट्यांमधले अंतर वेगळे असल्याने तो फिरवताना तुकडे आपोआप जवळ येतात. २०१० मध्ये बोस्टनच्या बोल्टन, साल्झलर आणि मुदगल यांनी असा स्क्रू मेटाकार्पलच्या डोक्यातून पोकळीत घालून चुरा झालेली मान जोडल्याचे कळवले आणि मग ही पद्धत जगभर झपाट्याने पसरली. चीर काही मिलिमीटरची, कंडरा न सोडवलेल्या, धातू पूर्ण हाडाच्या आत आणि दुसऱ्या दिवशी बोट हलवायला मोकळे. यांत्रिक परीक्षेत तो बहुधा प्लेटच्या मागे राहतो. त्याचा जोर एका गोष्टीवर ठरतो : पोकळीच्या सर्वांत अरुंद भागात आटे हाडाला किती पकडतात. पातळ स्क्रू रुंद पोकळीत सैल राहिला की पिळाला विरोधच उरत नाही. चुरा झालेल्या किंवा लांब तिरप्या मोडीत दाबणारा स्क्रू हाड आखूड करतो. शिवाय तो सांध्याच्या कूर्चेतून आत जातो आणि पुन्हा मार बसून आत वाकला तर बाहेर काढणे जिकिरीचे होते. आडव्या मोडीसाठी तो उत्तम आहे. सरसकट सगळ्या मोडींसाठी वापरण्याची घाई पटत नाही.

स्वच्छ कापलेल्या हाडांवरचे हे सगळे प्रयोग ज्याला फारसे लागू पडत नाहीत, असा एक मोठा रुग्णवर्ग महाराष्ट्रात आहे. कडबाकुट्टीत ओढला गेलेला हात, उसाच्या चरकात सापडलेली बोटे, मळणी यंत्र, पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यातल्या पॉवर प्रेस. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांतल्या अशा अपघातांवर सेफ इन इंडिया फाउंडेशन ही संस्था २०१९ पासून अहवाल काढते आहे. या हातांत हाड चिरडलेले, कातडी फाटलेली आणि जखमेत माती, भुसा नाहीतर ग्रीस असते. प्लेट झाकायला कातडीच शिल्लक नसते.

मुंबईचे डॉ. बी. बी. जोशी यांनी घडवलेली बाह्य चौकट, 'जेस', या परिस्थितीवरचे घरचे उत्तर आहे. के-वायर जखमेपासून दूर, चांगल्या हाडात घालायच्या, छोट्या सांधेकड्यांनी त्या बाहेरच्या सळ्यांना जोडायच्या आणि सगळा सांगाडा त्वचेबाहेर उभा करायचा. जखम रोज धुता येते, पुढे कातडी लावता येते आणि गरजेप्रमाणे चौकट दिवसागणिक लांबवता येते. हातापासून सुरुवात करून ती लहान मुलांच्या वाकड्या पावलांपर्यंत पोचली. तिची मजबुती कशावर ठरते तेही साधे आहे. उघड्या तारेचे झुकणे तिच्या लांबीच्या तिसऱ्या घाताने वाढते. सळई हाडापासून निम्म्या अंतरावर आणली की झुकणे एक अष्टमांश होते. तरीही सूज येईल म्हणून सळई गरजेपेक्षा लांब ठेवलेली चौकट अनेकदा दिसते आणि मग "जेस ढिली पडते" असा ठपका पद्धतीवर येतो.

बोटाच्या मधल्या सांध्याच्या आतल्या चुऱ्यासाठी जपानच्या सुझुकी यांनी १९९४ मध्ये तारा आणि रबर बँड यांचीच एक चौकट मांडली. ती ताणही देते आणि बोट मिटूही देते. ताठपणाच्या मोजणीत असली चौकट कुठेच बसणार नाही, पण या मोडीत तिचे काम प्लेटला जमत नाही.

तुलनेची एक परीक्षा आता ऑपरेशनच्या टेबलावरच घेता येते. कॅनडातले डॉन लॅलोंड यांनी बोटात ॲड्रेनालिनमिश्रित भूल देणे सुरक्षित असल्याचे दाखवले. त्यांच्या सहकाऱ्यांसह २००५ मध्ये मांडलेल्या अभ्यासात ३,११० रुग्णांत एकाही बोटाचा रक्तपुरवठा परत आणण्यासाठी उतारा द्यावा लागला नाही. त्यामुळे रक्त रोखायला दंडावर आवळलेले टर्निकेट नाही, पूर्ण भूल नाही आणि रुग्ण जागा असतो. तारा बसल्या की सर्जन म्हणतो, "काका, मूठ मिटा बघू." बोट पूर्ण मिटते, उघडते. सी-आर्म या एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर तुकडे हलतात का ते दिसते, आणि नख शेजारच्या बोटावर चढते का ते डोळ्यांना. चढले तर तार काढून पुन्हा घालायची. जोड त्या माणसाच्या स्वतःच्या स्नायूंनी, त्याच हाडावर तपासला जातो. कुठल्याही प्रयोगशाळेपेक्षा ही परीक्षा खरी आहे आणि तालुक्याच्या रुग्णालयातही ती घेता येते.

प्रयोगशाळांनी करण्यासारखे मात्र अजून बरेच आहे. हाड एकदाच तुटेपर्यंत दाबण्यापेक्षा ३५ न्यूटनच्या आसपास हजारो वेळा वाकवून जोड किती ढिला होतो हे मोजणारे प्रयोग हवेत, कारण रुग्णाच्या हातात तेच घडते. करवतीच्या सपाट कापाऐवजी चुरा झालेल्या हाडावर तुलना हवी. तीही कंडरा जागेवर ठेवून. आणि रुग्णालयांनी प्रत्येक मोडलेल्या बोटाची हालचाल तिसऱ्या महिन्यात अंशांत मोजून नोंदवायला हवी. एक्स-रे चांगला आला, एवढ्यावर बहुतेक फायली बंद होतात.

के-वायर चौथ्या आठवड्यात ओपीडीत पकडीने ओढून काढतात. काम मिनिटभराचे असते. त्याच दिवशी बोट वाकवायला शिकवणारा फिजिओथेरपिस्ट त्या माणसाला भेटला पाहिजे आणि पुढचे सहा आठवडे भेटत राहिला पाहिजे. ऊसतोड किंवा प्रेसच्या कामावरून आलेल्या माणसाला तेवढी रजा आणि तेवढे बसभाडे परवडत नाही. म्हणून उपचार निवडताना हा हिशोबही एक्स-रेच्या शेजारी मांडावा लागतो : जो दोनदाच येऊ शकणार आहे, त्याच्यासाठी लवकर हलवता येणारा, थोडा जास्त मजबूत जोड निवडणे रास्त आहे.